वाचक विचारतात: पूल टेबल दुरुस्तीचा व्हिडिओ करायचाय, कॅमेरा कुठं धरू?

या वेळी चार पत्रं एकाच विषयावरची घेतलीत. सांगली, सातारा, मिरज सगळीकडून विचारणा येतेय की टेबलाची देखभाल-दुरुस्ती व्हिडिओवर कशी शिकवायची. मी पंचवीस वर्षं टेबलं लावतोय आणि गेली काही वर्षं त्याचे व्हिडिओ पण करतोय, तर जे हाताला कळलंय ते सांगतो.

प्रश्न: काका नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, वय २४. माझे मामा पूल आणि स्नूकरची टेबलं दुरुस्त करतात, मी सहा वर्षं त्यांच्याबरोबर जातोय. मी कापड बदलण्याचा ४० मिनिटांचा व्हिडिओ टाकला, पण बहुतेक लोक दुसऱ्या मिनिटालाच निघून जातात. वर मामा म्हणतात की फुकट शिकवलंस तर आपलं काम जाईल. माझं काय चुकतंय आणि मामांना काय सांगू?

उत्तर: तुझा व्हिडिओ मी बघितला, चाळीसच्या चाळीस मिनिटं. काम चांगलंय, मामांचा हात तर फारच चांगला आहे. पण व्हिडिओ सुरू होतो तेव्हा कापड आधीच काढून झालेलं असतं आणि ते का काढलं हे शेवटपर्यंत कळत नाही. आता तुझा व्हिडिओ बघणारा कोण आहे बघ. कऱ्हाडच्या एखाद्या पार्लरमधला मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा पोरगा, रात्रीचे साडेदहा झालेत, गिऱ्हाईक बोंब मारतंय की बॉल डावीकडं पळतोय, मालक फोन उचलत नाही आणि हा पोरगा एका हातात मोबाईल धरून टेबलापाशी उभाय. त्याला कापड कसं ताणायचं हे त्या घडीला नकोच आहे रे, त्याला आधी हे कळायला पाहिजे की बिघाड नेमका कशात आहे. दुरुस्तीच्या व्हिडिओत पहिल्यांदा दुखणं दाखवायचं, औषध नंतर, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

बॉल वळतोय याचंच घे. कारणं मुख्यतः तीन, टेबल उतरतं असेल, कापडाची लव वळवत असेल, नाहीतर बॉलच बिघडलेला असेल. एक बॉल हळू सोडायचा, इतका हळू की समोरच्या कुशनपर्यंत, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेपर्यंत, जेमतेम पोचेल, आणि समज तो खिडकीच्या बाजूला वळला तर तोच बॉल त्याच रेषेवरून उलट दिशेनं सोडायचा. परत खिडकीकडंच गेला तर टेबल तिकडं उतरतंय. लवेच्या दिशेनं सरळ जातोय आणि लवेविरुद्ध सोडला की भरकटतोय, तर ते कापडाचं काम, स्नूकरच्या लोकरी कापडावर हे व्हायचंच. आणि दुसरे दोन-तीन बॉल त्याच रेषेवर सरळ जात असतील तर पहिला बॉल बाजूला काढून ठेवायचा, टेबलाला हात लावायचा नाही. बस, हा तीन मिनिटांचा एक व्हिडिओ झाला. मोबाईल कुशनच्या उंचीवर, रेषेच्या टोकाशी धर, म्हणजे बॉल कॅमेऱ्याकडं येताना कुठं वळतो ते बघणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यानं दिसेल, वरून शूटिंग केलंस तर ते वळण दिसतच नाही.

मग पुढचा व्हिडिओ लेव्हलचा. इथं सगळ्यात जास्त चुकीची माहिती पसरलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातली पाणसळ मीटरला अर्धा ते एक मिलिमीटर फरक दाखवते, भिंत बांधायला ती चालते. पण पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमात टेबलाच्या लांबीत साधारण अर्धा मिलिमीटर आणि रुंदीत पाव मिलिमीटर एवढाच फरक चालतो, आणि नऊ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान १०० इंच बाय ५० इंच म्हणजे अडीच मीटरच्या वर लांब. म्हणजे पाणसळीचा फुगा मध्यावर दिसतोय तरी टेबल नियमाच्या कितीतरी बाहेर असू शकतं. आम्ही वापरतो ती मशीन बसवायची लेव्हल, ०.०२ मिलिमीटरवाली, म्हणजे तिची एक रेघ मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवते. कुपवाड एमआयडीसीत लेथ बसवणाऱ्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपात ही मिळेल, ओळखीनं एक दिवस मागून आणायची.

ती लेव्हल स्लेटवर, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीवर, ठेवल्यावर फुगा स्थिरावायला वेळ लागतो. तुम्ही पोरं हे एडिटिंगमध्ये कापता, आणि मी म्हणतो तेच कापू नका. फुगा सरकतोय, थांबतोय, परत केसभर सरकतोय, ते अर्धं मिनिट तसंच ठेव, कारण बघणारा घरी करताना इथंच घाई करणार आहे. मग लेव्हल उचलून उलटी फिरवून त्याच जागी ठेव, फुगा दोन्ही वेळा टेबलाच्या त्याच अंगाला तेवढाच गेला पाहिजे, नाही गेला तर लेव्हलच खोटं बोलतेय. हे दाखवलंस ना की तुझ्या व्हिडिओवर लोकांचा भरवसा बसेल. स्लेट सारखी करायला पाचरी कुठं मारल्या, किती मारल्या ते पण जवळून दाखव. मामा बारीक फरकाला काय वापरतात? बहुतेक मिस्त्री लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून सरकवतात, आणि झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटरचा असतो हे माप सांगितलं की बघणाऱ्याला एक कागद म्हणजे किती ते लगेच समजतं.

स्लेटचा जोड कसा दाखवायचा हे तू विचारलेलं नाहीस पण सांगतोच, कारण मला हे समजायला फार वर्षं लागली. नऊ फुटी टेबलाला तीन तुकडे असतात, मधले दोन जोड मेणानं नाहीतर लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरतो आणि पातं धरून खरवडतो. जोड सपाट झाला का हे आपण नखानं बघतो. आता नखाला जे लागतं ते कॅमेऱ्याला कसं दिसणार? दिसत नाही, पण ऐकू येतं! कॉलर माइक स्लेटवरच जोडापासून चार बोटांवर ठेव, पंखा बंद कर आणि नख जोडावरून हळू ओढ. जोड वर-खाली असेल तर टक असा आवाज येतो, सपाट असेल तर नुसतीच सरसर. खरवडायच्या आधी एकदा, नंतर एकदा, दोन्ही आवाज लागोपाठ लाव. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सांगलीतल्याच एका सुताराचा फोन आला, म्हणाला तुमचा आवाज ऐकून मी माझ्या टेबलावर नख फिरवलं, टक झालं.

कापडाच्या व्हिडिओत ताणणं, स्टेपल मारणं झटपट आटप, ते लोकांना कळतं. वेळ दे तो पॉकेटच्या कापाला. कापड बिघडतं ते तिथंच, काप एक सेंटिमीटर जास्त गेला की कुशनच्या खालनं फट दिसते आणि सगळं कापड वाया. पॉकेट पूर्ण फ्रेममध्ये घे, मामांचा अंगठा कुठं दाबलाय, कात्रीचं टोक कुठं थांबलं ते दिसू दे आणि तू मधे बोलू नकोस, कापून झाल्यावर बोल.

बाकी कॅमेऱ्याचं थोडक्यात. आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची, त्यामुळं टेबलावरच्या ट्यूब आणि एलईडी व्हिडिओत लुकलुकतात, मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेव, बहुतेक वेळा थांबतं. एवढं सगळं हिरवं कापड फ्रेममध्ये आलं की मोबाईल गोंधळतो आणि मामांचे हात जांभळट दिसायला लागतात, म्हणून पांढऱ्या कागदावर रंग सेट करून व्हाइट बॅलन्स लॉक करायचा. कापडावरच्या सुरकुत्या दाखवायच्या असतील तर वरचे दिवे बंद करून एका बाजूनं खाली बॅटरी धर, एकूण एक सुरकुती उठून दिसते. आणि जो लांबलचक व्हिडिओ आधीच टाकलायस त्याच्या माहितीत टाइमस्टँप लिही, पहिला ०:०० चा पाहिजे, कमीत कमी तीन पाहिजेत आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांपेक्षा लहान नको, म्हणजे यूट्यूब त्याचे भाग पाडून दाखवतं, मार्करला थेट पॉकेटच्या कापावर जाता येतं.

आता मामांचं. त्यांची भीती खोटी नाही, आयुष्यभर हातात जपलेली गोष्ट आहे ती, तिचा मान ठेव. पण त्यांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन जा एकदा. तिथं कारागीर सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढतात, म्हणजे ती घासून सतारीचा आवाज खुलवतात, समोर बसलेला कुणीही ते बघू शकतो, म्हणून काय बघणारा प्रत्येक जण घरी जाऊन जवारी काढतो का? उलट त्याचा कान तयार होतो, सतार बोदी वाजायला लागली की त्याला कळतं आणि तो परत त्याच कारागिराकडं येतो. टेबलाचं तसंच आहे. एक इंची स्लेट असेल तर नऊ फुटी टेबलाचा एकेक तुकडा साधारण ८०-९० किलोचा, मोठ्या स्नूकर टेबलाचा तर दीडशे किलोच्या पुढं, व्हिडिओ बघून तो उचलायला कुणी जात नाही, आणि जाऊ नये हे तू प्रत्येक व्हिडिओत स्पष्ट सांगायचं. ब्रश मारणं, बॉल धुणं, बिघाड ओळखणं हे लोकांना शिकव, स्लेटला हात लावायची वेळ आली की मामांना बोलवा असं सांग. आणि व्हिडिओत हात मामांचे ठेव, आवाज तुझा. नाव पण आधी त्यांचं लिही.

प्रश्न: नमस्कार दादा. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं छोटं पार्लर आहे, दोन पूल टेबलं. मिस्टर आजारी असल्यामुळं वर्षभर मीच बघतेय. कामाला येणारी मुलं सारखी बदलतात, प्रत्येकाला ब्रश कसा मारायचा, बॉल कसे पुसायचे ते परत परत सांगावं लागतं. मी स्वतः छोटे व्हिडिओ बनवले तर चालतील का? मला त्यातलं फार टेक्निकल येत नाही.

उत्तर: ताई, चालतील काय, तुम्हीच बनवले पाहिजेत, कारण तुमच्या मुलांना तुमचंच टेबल, तुमचाच ब्रश दिसला पाहिजे. प्रत्येक कामाचा एक मिनिटाचा वेगळा व्हिडिओ करा, कुठं टाकायचीही गरज नाही, ड्राइव्हवर ठेवा, त्याचा क्यूआर कोड काढून प्रिंट करा आणि ब्रश जिथं टांगता तिथं भिंतीला चिकटवा. नवा मुलगा आला की स्कॅन करून बघेल.

पहिला व्हिडिओ ब्रशचा. मुलं गोल गोल घासतात आणि चॉकची भुकटी कापडात आणखी जिरवतात, ते चुकीचं. एकाच दिशेनं, लांब हात, ब्रेक म्हणजे डावाचा पहिला फटका मारतो त्या टोकाकडून समोरच्या टोकाकडं, आणि शेवटी कुशनच्या खालची भुकटी पॉकेटकडं ओढून व्हॅक्युमनं उचलायची. हाताच्या ठोकरीनं झाडायचं नाही, तोंडानं फुंकायचं तर अजिबात नाही. व्हिडिओत आधी काळ्या कागदावर ब्रश झटकून दाखवा, निळी भुकटी केवढी पडते ते दिसलं की मुलं स्वतःहून रोज ब्रश मारतात.

दुसरा बॉलचा. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापडानं पुसून पूर्ण कोरडे करून मगच टेबलावर. गॅरेजमधलं गाडी चमकवायचं पॉलिश लावू नका, ते कापडावर उतरतं आणि बॉल घसरायला लागतात. धुतलेला आणि न धुतलेला बॉल शेजारी ठेवून जवळून दाखवा, न धुतलेल्यावर चॉकचा थर दिसतो आणि तोच थर कापड घासत असतो.

चुकल्यावर पुन्हा शूटिंग करत बसू नका ताई. रोज दुकानात जसं सांगता तसंच बोला. मिस्टरांना लवकर बरं वाटू दे.

प्रश्न: सांगली गावभागातून लिहितोय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या क्लबचं टेबल चार दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर घाईत नवीन कापड लावून चालू केलं, त्यानंतर दोनदा कापड बदललं पण कडेनं सारखं सुटतं, स्टेपल धरत नाहीत. आता पूर्ण उघडून दुरुस्त करणार आहोत. याचा व्हिडिओ केला तर इतरांना उपयोग होईल का?

उत्तर: नक्की करा, सांगलीत तर हा व्हिडिओ पाहिजेच, कृष्णेकाठी राहतो आपण. स्लेट दगड आहे, चांगली स्लेट पाणी फारसं पीत नाही, त्यामुळं ती बहुतेक वाचलेली असणार. गेलंय ते स्लेटच्या खाली कडेनं लावलेलं लाकूड, ज्यात स्टेपल मारतात. ते फुगलं, वाळलं, भुसभुशीत झालं, आता त्यात स्टेपल कसा धरणार? ते पूर्ण काढून नवीन चांगल्या प्लायची पट्टी लावा. जोडांमध्ये गाळ बसलेला असेल, तो शेवटच्या कणापर्यंत काढल्याशिवाय मेण भरू नका. चौकटीचं लाकूड पण टोचून बघा, आत पोकळ लागलं तर बदला.

पण व्हिडिओचं म्हणाल तर आधी तो स्वतःसाठी करा, लोकांसाठी नंतर. २००५ च्या पुरानंतर मी असंच एक टेबल उघडलं होतं आणि तुकड्यांवर नंबर टाकले नाहीत. परत लावताना मधला तुकडा उलटा फिरला, भोकं जवळपास जुळत होती म्हणून लक्षात आलं नाही आणि जोड काही केल्या बसेना. दोन दिवस गेले. मालक बिचारा शेजारी खुर्ची टाकून बसलेला, पुरात सगळंच गेलेला माणूस, एक शब्द बोलला नाही मला. तेव्हापासून मी पान्याला हात लावायच्या आधी मोबाईल सुरू करतो. टेबलाभोवती एक पूर्ण फेरी, न थांबता, मग प्रत्येक बोल्ट काढताना तोंडानं सांगायचं, दाराकडचा डावा पाय, दुसरा बोल्ट. स्लेटच्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं नंबर आणि दाराकडं बाण. हेच शूटिंग नंतर कापून शिकवायचा व्हिडिओ होतो. कुजलेली पट्टी हातानं चुरून दाखवा, एवढं एक दृश्य पुरेसं आहे लोकांना कळायला की पुरानंतर नुसतं कापड बदलून भागत नाही.

प्रश्न: मी मिरजेचा. परदेशी व्हिडिओ बघून त्यातली माहिती मराठीत सांगायचं चॅनल काढावं म्हणतो. यातनं कमाई किती दिवसांत सुरू होते? आणि एका व्हिडिओला गाण्यामुळं यूट्यूबचा कॉपीराइट क्लेम आला, मी तर गाणं लावलं पण नव्हतं.

उत्तर: गाणं तुम्ही नाही लावलं, पार्लरच्या स्पीकरवर लागलं असणार. यूट्यूबला मागं हळू वाजणारं गाणं पण ओळखू येतं. शूटिंगच्या वेळी स्पीकर बंद करायला सांगा, पाच मिनिटांचा प्रश्न असतो, कुणी नाही म्हणत नाही.

कमाईचं गणित असं आहे की जाहिरातीच्या पैशासाठी १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४००० तास बघणं, नाहीतर शॉर्ट्सवर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. इतक्या छोट्या विषयाला तिथं पोचायला वेळ लागतो. मला आजवर जे मिळालं ते व्हिडिओ बघून आलेल्या कामाच्या फोनांमधून मिळालं.

मराठीत सांगायचं म्हणताय ते मला मनापासून आवडलं. स्नूकरचा जन्मच आपल्या देशातला, १८७५ ला जबलपूरला, आणि भारताचा पहिला जगज्जेता विल्सन जोन्स हा पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ ला आणि परत १९६४ ला बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद आणलं त्यांनी. तेव्हा हे सगळं आपल्या भाषेत सांगणारा पाहिजेच. फक्त परदेशी व्हिडिओ जसाच्या तसा सांगू नका, टेबल वेगळं असतं हो. तिकडचा माणूस पूलच्या टेबलाबद्दल बोलत असतो, बॉल ५७.१५ मिलिमीटरचा आणि कुशनची धार बॉलच्या उंचीच्या ६३.५ टक्क्यांवर म्हणजे ३६.३ मिलिमीटरच्या आसपास. तुमच्यासमोर जुनं स्नूकर टेबल असेल तर बॉल ५२.५ मिलिमीटरचा, कुशनच्या रबराचा आकार वेगळा, कापड लोकरी आणि कितीतरी ठिकाणी स्टेपलऐवजी चुका, म्हणजे बारीक खिळे, मारलेल्या. इस्त्रीचं पण बघा, लोकरी कापडावर ती लवेच्या दिशेनंच फिरवायची आणि आधी वर्तमानपत्रावर ठेवून बघायची, कागद पिवळा पडला तर इस्त्री जास्त तापलीय. पूलच्या गुळगुळीत कापडाचा व्हिडिओ बघून कुणी हे सांगणारच नाही तुम्हाला.

माझ्या माहितीतल्या एका क्लबनं असाच व्हिडिओ बघून पूलचं रबर मागवलं आणि त्यांचं टेबल होतं स्नूकरचं, रबर पडून राहिलं. म्हणून तुमच्या कुशनच्या व्हिडिओत हे घाला: रबर मागवायच्या आधी जुन्या कुशनचं एक टोक सोडवायचं, कापलेली बाजू समोर धरून शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची, फोटो काढायचा आणि तो दुकानदाराला पाठवून विचारायचं, हेच आहे का तुमच्याकडं?